तीन फंक्शनं, एकच ओळ: यूआरएल एनकोडिंगच्या डॉक्युमेंटेशनचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

रत्नागिरीतल्या एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत आंब्याच्या ऐन हंगामात घडलेलं हे प्रकरण. कंपनी, माणसं आणि ग्राहक यांची नावं दिलेली नाहीत, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. तांत्रिक भाग घडला तसाच आहे. त्या काळात कंपनीच्या अंतर्गत डॉक्युमेंटेशनचं काम मी बाहेरून करत होतो, त्यामुळे बहुतेक चर्चांना हजर होतो.

ग्राहक सगळे आसपासचे. हापूसचे बागायतदार, गुहागर-दापोली पट्ट्यात घरगुती होमस्टे चालवणारी मंडळी, काजू प्रक्रियेची छोटी युनिटं. त्यांच्यासाठी तीन उत्पादनं होती. पहिलं म्हणजे पेटीवर चिकटवायचं क्यूआर लेबल. ते स्कॅन केलं की माल कुठल्या गावातल्या कुठल्या बागेतला आहे, ते पान उघडतं. कोकणातल्या हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आणि ‘खरा आंबा कुठला’ याचं उत्तर पेटीवरच द्यावं, असं बागायतदारांना वाटू लागलं. दुसरं उत्पादन होमस्टेचं बुकिंग आणि त्यासोबत जाणारी यूपीआयची लिंक. तिसरं, व्हॉट्सअ‍ॅपवर ऑर्डरचा तयार मजकूर भरून चॅट उघडून देणारी लिंक.

तिन्हींत मराठी मजकूर लिंकमध्ये घालावा लागतो, आणि लिंकमध्ये मराठी अक्षर जसंच्या तसं जात नाही. जानेवारी २००५ च्या आरएफसी ३९८६ नुसार (आरएफसी म्हणजे इंटरनेटचे तांत्रिक नियम मांडणारे दस्तऐवज) लिंकमध्ये निर्धास्तपणे वापरता येतात ती फक्त इंग्रजी अक्षरं, आकडे आणि - . _ ~ ही चार चिन्हं. बाकी प्रत्येक बाइट टक्क्याचं चिन्ह आणि दोन सोळा-मानी अंक (० ते ९, ए ते एफ) अशा रूपात लिहायचा. हेच यूआरएल, म्हणजे लिंक, एनकोड करणं; उलट उकलणं म्हणजे डिकोड करणं. देवनागरीचा प्रत्येक युनिकोड बिंदू, म्हणजे स्वतंत्र क्रमांक असलेलं अक्षर किंवा खूण, यूटीएफ-८ या नेहमीच्या साठवणपद्धतीत तीन बाइट घेतो, म्हणजे लिंकमध्ये नऊ अक्षरं. ‘रत्नागिरी’ हा शब्द काना, वेलांटी, हलंत धरून नऊ बिंदूंचा. लिंकमध्ये त्याची ८१ अक्षरं होतात. (या लेखात कोडमधली रोमन अक्षरंही देवनागरीत लिहिली आहेत. ‘%२एफ’ म्हणजे टक्का, दोन, एफ.)

हे काम करायला पायथन या प्रोग्रामिंग भाषेत कंपनीची स्वतःची एक छोटी लायब्ररी होती, म्हणजे पुन्हा पुन्हा वापरायच्या फंक्शनांचा (कोडच्या तयार तुकड्यांचा) संच. पायथनमध्ये तयार फंक्शनं असताना वेगळी कशाला, हा प्रश्न रास्त आहे. उत्तर असं की रिकामी नोंद आली तर काय करायचं आणि देवनागरी आकडे आले तर ते इंग्रजी आकड्यांत कसे बदलायचे, हे दोन नियम त्या लायब्ररीत बसवलेले होते. हे नियम कुठंही लिहिलेले नव्हते, ते पुढं बघू.

लायब्ररीत तीन फंक्शनं होती: ‘एनकोड’, ‘एनकोड_प्लस’ आणि ‘एनकोड_फुल’. पहिल्या दोघांपुढं एकच ओळ होती: ‘दिलेली स्ट्रिंग यूआरएल-एनकोड करते.’ तिसऱ्यापुढं तीच ओळ, फक्त ‘पूर्ण’ हा शब्द मध्ये घालून. उदाहरण तिघांनाही एकच, दोन साधे इंग्रजी शब्द आणि मध्ये एक मोकळी जागा. तीन बरण्यांवर ‘लोणचं’ अशी एकच चिठ्ठी लावावी, तसं.

तक्रारी

पहिली तक्रार एका बागायतदारांकडून आली. सपोर्टचं काम बघणाऱ्या ताईंना त्यांचा फोन: “अहो ताई, तुमचा तो चौकोन स्कॅन केला की पान सापडत नाही म्हणतंय. मुंबईचं गिऱ्हाईक मलाच विचारतंय, बाग आहे ना नक्की?” शेजारच्या बागेचं लेबल मात्र नीट चालत होतं. फरक सातबाऱ्यात होता. शेजाऱ्याच्या जमिनीला नुसता सर्व्हे नंबर, यांच्या जमिनीला हिस्सा नंबरही, म्हणजे ११२/३ असा. कोकणात जमिनीचे हिस्से पडून पडून असे नंबर घरोघरी आहेत. चाचणीसाठी वापरलेल्या नमुन्यात नेमका एकही तिरकी रेघ असलेला नंबर नव्हता.

दुसरी तक्रार होमस्टेची. यूपीआयच्या लिंकमध्ये पैसे घेणाऱ्याचं नाव जातं. काही पाहुण्यांच्या फोनवर त्या नावात शब्दांच्या मध्ये अधिकची चिन्हं दिसत होती. सगळ्या फोनवर नाही, काहींवरच. एका पाहुण्यानं नाव संशयास्पद वाटतं म्हणून आगाऊ रक्कम पाठवलीच नाही. त्याच उत्पादनात आणखी एक गोष्ट बिघडली होती: बुकिंगच्या लिंकमधून येणाऱ्या मोबाइल नंबरातलं सुरुवातीचं + गायब होऊन तिथं मोकळी जागा येत होती.

तिसरी व्हॉट्सअ‍ॅपची. गिऱ्हाइकानं ‘२ डझन हापूस & १ किलो काजूगर’ अशी ऑर्डर निवडली, तर चॅटमध्ये ‘२ डझन हापूस’ एवढंच उमटायचं. काजूगर गेला कुठं, याचा शोध त्या दुकानदारानं बरेच दिवस स्वतःच्या मुलाकडून करवला होता.

तीन तक्रारी तीन वेगळ्या माणसांकडे गेल्या आणि तिघांनी आपापल्या परीनं उपाय केला. उपाय एकच होता: एक फंक्शन काढून दुसरं घालून बघायचं. चाललं तर ठेवायचं. एका ठिकाणी तर खबरदारी म्हणून दोनदा एनकोड केलेलं होतं. दुसऱ्या फेरीत टक्क्याच्या चिन्हाचंच %२५ झालं आणि बागेच्या पानावर गावाच्या नावाऐवजी टक्के आणि आकड्यांची रांग दिसू लागली.

मुळाशी काय होतं

टीमचं नेतृत्व करणाऱ्या लीड सरांनी तिघांना एका टेबलाशी बसवलं तेव्हा एक गोष्ट लक्षात आली. प्रत्येकाच्या डोक्यात ‘यूआरएल एनकोड’ या शब्दांचा अर्थ त्याच्या आधीच्या भाषेतून आला होता. एक जण पीएचपीतून आलेला. तिथं ‘यूआरएलएनकोड’ मोकळ्या जागेचं + करतं आणि ‘रॉयूआरएलएनकोड’ %२० करतं. दुसरी जावा शिकून आलेली. जावामधल्या ‘यूआरएलएनकोडर’ या नावावरून काहीही वाटो, तो करतो ते एचटीएमएल फॉर्मचं एनकोडिंग, म्हणजे तिथंही +. तिसरा जावास्क्रिप्टवाला. त्याला ‘एनकोडयूआरआय’ आणि ‘एनकोडयूआरआयकंपोनंट’ ही जोडी माहीत होती. पहिलं अख्ख्या लिंकसाठी असतं, म्हणून ते / ? & = + # यांना हात लावत नाही. दुसरं एका तुकड्यासाठी, म्हणून ते या सगळ्यांना एनकोड करतं.

कंपनीचं ‘एनकोड’ आतून पायथनचं ‘क्वोट’ वापरत होतं. ‘क्वोट’ काही सांगितलं नाही तर तिरकी रेघ तशीच सोडतं. ‘एनकोड_प्लस’ म्हणजे ‘क्वोट_प्लस’: रेघेचंही एनकोडिंग होतं, पण जागेचं + होतं. आणि ‘एनकोड_फुल’ अख्ख्या लिंकसाठी होतं, म्हणून तिघांत सर्वांत कमी चिन्हं तेच बदलत होतं. व्हॉट्सअ‍ॅपचं काम करणाऱ्यानं ‘पूर्ण’ हा शब्द वाचून तेच निवडलं, कारण सगळं एनकोड झालेलं बरं, असा त्याचा हिशेब. & तसंच राहिलं, आणि लिंकमध्ये & म्हणजे इथून पुढची नोंद वेगळी. काजूगर तिथं गळाला.

यूपीआयचं + हे जुन्या वारशातून आलेलं. मोकळ्या जागेसाठी + ही प्रथा एचटीएमएल फॉर्मची. नोव्हेंबर १९९५ च्या आरएफसी १८६६ मध्ये ती लिहिलेली आहे. आरएफसी ३९८६ मध्ये + ला जागेचा अर्थ नाही. त्यामुळे फॉर्मच्या प्रथेनं उकलणारं अ‍ॅप तिथं जागा दाखवतं, न उकलणारं + च दाखवतं. अ‍ॅपलच्या ‘यूआरएलकंपोनंट्स’मध्ये + हा + च राहतो. %२० मात्र सगळीकडे जागाच होते.

सगळ्यात चिवट निघाली ती लेबलाची अडचण. ‘एनकोड’मुळे ११२/३ मधली रेघ लिंकमध्ये तशीच गेली, सर्व्हरला एक पायरी जास्त दिसली, पान सापडलं नाही. म्हणून एकानं रेघेचं %२एफ केलं. आरएफसीनुसार बरोबर. तरी पान सापडेना. कारण पुढं अपाची हा वेब सर्व्हर होता आणि अपाचीची ‘अलाउएनकोडेडस्लॅशेस’ ही सेटिंग मुळात बंद असते. पाथमध्ये (लिंकच्या प्रश्नचिन्हाआधीच्या, तिरक्या रेघांनी पायऱ्या पाडलेल्या भागात) %२एफ दिसलं की तो विनंती आत जाऊच देत नाही, थेट ४०४ म्हणजे ‘पान सापडलं नाही’ देतो. स्वतःच्या लॅपटॉपवर अपाची नव्हता, म्हणून तिथं करून पाहिलं. तिथंही ४०४. वेब सर्व्हर आणि अ‍ॅप्लिकेशन यांना जोडणाऱ्या पायथनच्या डब्ल्यूएसजीआय पद्धतीत पाथ आधीच डिकोड होऊन अ‍ॅप्लिकेशनच्या हाती येतो, म्हणजे %२एफ ची पुन्हा रेघ झालेली असते. तीन वेगळी कारणं, निकाल एकच, आणि म्हणून निष्कर्ष एकच: ‘आपलं फंक्शनच बिघडलंय.’

यातला धागा ताईंनी पकडला. बागायतदारांनी पाठवलेल्या स्क्रीनशॉटमध्ये कधी कंपनीच्या चिन्हासह ‘पान सापडलं नाही’ होतं, कधी नुसतं पांढरं पान आणि इंग्रजी ओळ. “सर, ही दोन पानं वेगळी आहेत. एक आपलं आहे, दुसरं आपलं नाही,” असं त्या म्हणाल्या. तिथून अपाचीपर्यंत पोचायला फार वेळ लागला नाही.

कुठले पर्याय होते

पेट्या रोज रवाना होत होत्या आणि लेबलांचे गठ्ठे आधीच छापून बागांत पोचले होते. त्यामुळे छापील लेबल चालू करणं हे पहिलं, ते सर्व्हरवर केलं गेलं: गावाच्या नावानंतरचा लिंकचा सगळा उरलेला भाग, रेघेसकट, सर्व्हे नंबर म्हणून घ्यायचा. यावर वाद झाला नाही. वाद झाला तो लायब्ररीचं काय करायचं यावर.

एक मत होतं की ‘एनकोड’चं वागणंच बदलावं, रेघही एनकोड होऊ दे. हे सरळ वाटतं, पण कोड चाळल्यावर दिसलं की होमस्टेच्या फोटोंच्या लिंका याच फंक्शनमधून जात होत्या आणि त्यांत वर्ष, महिना, फोल्डर अशा रेघा मुद्दाम होत्या. वागणं बदललं असतं तर आंब्याची लेबलं सुधारून होमस्टेचे फोटो गेले असते.

दुसरं मत जावावालीचं: लायब्ररीच मोडीत काढा, पायथनची फंक्शनं थेट वापरा, त्यांचं डॉक्युमेंटेशन चांगलं आहे. मला हे मत आजही अर्धं पटतं. पायथनच्या डॉक्युमेंटेशनमध्ये ‘क्वोट’ रेघ सोडतं हे स्वच्छ लिहिलेलं आहे. पण ज्याला आपण रेघ कुठं घालतोय हेच ठाऊक नाही, त्याला ते वाक्य वाचून काय उमगणार? शिवाय देवनागरी आकड्यांचा नियम प्रत्येकानं परत आपापला लिहिला असता.

तिसरा पर्याय नावं बदलण्याचा. ‘एनकोड_फुल’ हे नाव फसवं आहे, याबद्दल कुणाचंच दुमत नव्हतं. पण हंगामात तीन उत्पादनांमधली नावं बदलायला लीड सर तयार नव्हते. “मे संपू दे, मग काय ते करा,” हा त्यांचा शेवटचा शब्द.

उरला डॉक्युमेंटेशनचा पर्याय. तो स्वस्त म्हणून निवडला गेला, हे लपवण्यात अर्थ नाही. पण त्यातही दोन रस्ते होते. प्रत्येक फंक्शनपुढं कुठलं चिन्ह बदलतं, कुठलं नाही याची नेमकी यादी द्यायची, की पान वाचकाच्या प्रश्नापासून सुरू करायचं? यादी अचूक असते, लिहायला सोपी असते आणि चुकीची ठरत नाही. तरी मी तिच्या विरोधात होतो. फंक्शन शोधत येणाऱ्याला कुठली चिन्हं बदलतात याची चौकशी नसते. त्याच्या हातात एक मजकूर असतो आणि तो लिंकमध्ये बसवायचा असतो. मजकूर लिंकच्या कुठल्या भागात जाणार, यावर सगळं ठरतं, आणि नेमकं तेच त्या एका ओळीत नव्हतं.

काय केलं

पान एका प्रश्नानं सुरू केलं: ‘तुमचा मजकूर लिंकच्या कुठल्या भागात जाणार आहे?’ पाथचा एक तुकडा असेल, प्रश्नचिन्हानंतरच्या नोंदीची किंमत (म्हणजे तिच्यात भरायचा मजकूर) असेल, किंवा आधीच जोडून तयार झालेली अख्खी लिंक असेल, तर प्रत्येकासाठी वेगळं उत्तर. नोंदीच्या किमतीसाठी ‘एनकोड’, पण रेघ सोडू नको असं सांगून. अख्ख्या लिंकसाठी ‘एनकोड_फुल’, आणि लगेच पुढं ठळक: ‘मजकुरात & # किंवा + येऊ शकत असेल तर हे वापरू नका.’ ‘एनकोड_प्लस’ फक्त फॉर्मच्या डेटासाठी, यूपीआय आणि व्हॉट्सअ‍ॅपच्या लिंकांसाठी नाही. प्रत्येक फंक्शनखाली ‘हे कशासाठी नाही’ असा भाग ठेवला आणि तो ‘कशासाठी आहे’ च्या वर ठेवला.

पाथच्या तुकड्याचा भाग लिहिताना पुन्हा वाद झाला. मजकुरात तिरकी रेघ असेल तर कुठलंही फंक्शन पुरेसं नाही, कारण %२एफ मध्येच सर्व्हरवर अडतं किंवा आत पोचेपर्यंत त्याची रेघ झालेली असते, हे लिहायचं की नाही? लीड सर म्हणाले, “लायब्ररीच्या पानावर सर्व्हरचं पुराण कशाला?” तांत्रिक सीमारेषा बघितली तर त्यांचं बरोबर होतं. पण ४०४ बघून या पानावर येणाऱ्याला ही सीमारेषा माहीत नसते. आपण योग्य फंक्शन वापरूनही चालत नाही म्हटल्यावर तो दुसरं फंक्शन घालून बघतो, जे आधी घडलंच होतं. शेवटी तीन वाक्यांचा भाग ठेवला: रेघ येऊ शकणारा मजकूर पाथमध्ये घालू नका, प्रश्नचिन्हानंतर घाला किंवा त्याला वेगळा छोटा कोड द्या.

उदाहरणांसाठी एकच मजकूर ठरवला आणि तो तिन्ही फंक्शनांना दिला: ‘बाग ११२/३ & काजू +५% ~’. बघायला विचित्र, पण घात करणारं प्रत्येक चिन्ह त्यात आहे. तिन्ही निकाल एकाखाली एक ठेवले की रेघ कुठं राहिली, & चं %२६ कुठं झालं, + चं %२बी कुठं झालं आणि मोकळी जागा कुठं + बनली, हे न वाचताही दिसतं. आकडे इंग्रजी होऊन बाहेर पडतात, हेही पहिल्यांदाच तिथं दिसलं. तो नियम काढून टाकावा का, अशी एक कुजबुज झाली. ठेवला, पण लिहून ठेवला.

कच्चं पान कंपनीत नव्यानंच आलेल्या, इथल्याच कॉलेजातून इंटर्नशिपला आलेल्या मुलीला दिलं. तिला चार कामं सांगितली, फक्त हे पान हाताशी, आणि कुणाला विचारायचं नाही. लीड सरांनी स्वतः लिहिलेल्या प्रस्तावनेत १९९४ च्या आरएफसी १७३८ पासूनचा इतिहास होता. तिनं तो बघितलाही नाही. थेट उदाहरणावर गेली, ते उचललं, आपला मजकूर घातला, मग वर येऊन इशारा वाचला. “अगं, सुरुवातीचं वाचलंस का?” सरांनी विचारलं. “सर, मी उदाहरणापासूनच वाचते,” ती म्हणाली. इतिहास पानाच्या तळाशी गेला आणि त्यातलं फक्त + कुठून आलं, एवढंच उरलं. सरांना ते फारसं रुचलं नाही.

चौथं काम डिकोडिंगचं होतं आणि तिथं ती अडली. + गेलेल्या मोबाइल नंबरांचं कोडं तिथंच सुटलं. लिंक बनवताना आता + चं %२बी बरोबर होत होतं, तरी पलीकडे जागाच येत होती. फ्रेमवर्क, म्हणजे अ‍ॅप्लिकेशनचा तयार सांगाडा, नोंद हाती देतानाच ती डिकोड करून देतं. जुन्या कोडमध्ये त्यावर पुन्हा एकदा ‘अनक्वोट_प्लस’ (‘क्वोट_प्लस’च्या उलटं काम करणारं फंक्शन) चालवलं जात होतं. पहिल्या डिकोडमध्ये %२बी चं + झालं, दुसऱ्यात + ची जागा झाली. तोवर पानावर डिकोडिंगबद्दल अक्षर नव्हतं. मग ‘तुमच्या हातातला मजकूर आधीच डिकोड झालेला आहे का?’ असा भाग वाढवला आणि सोबत ‘आधीच एनकोड झालेला आहे का?’ हाही. लिंकमध्ये %२५ नंतर लगेच दोन सोळा-मानी अंक दिसले तर दोनदा एनकोड झाल्याचा संशय घ्या, ही खूण ताईंना फार उपयोगी पडली. स्क्रीनशॉट बघूनच त्या सांगू लागल्या.

शेवटी उदाहरणं पायथनच्या ‘डॉकटेस्ट’ला जोडली, म्हणजे पानावरचा निकाल आणि फंक्शनचा खरा निकाल जुळला नाही तर तपासणी लाल होते. पहिल्याच दिवशी एका सर्व्हरवर लाल झाली. कारण नमुन्यातलं ~. पायथन ३.७ पासून ‘क्वोट’ ते तसंच ठेवतं, त्याआधी त्याचं %७ई करत असे. तो सर्व्हर जुन्या पायथनवर चाललाय, हे कुणाच्या ध्यानात नव्हतं.

परिणाम

व्हॉट्सअ‍ॅप आणि यूपीआयच्या लिंका त्याच हंगामात सुधारल्या. होमस्टेचा जुना कोड पावसाळ्यापर्यंत तसाच राहिला, कारण ‘अनक्वोट_प्लस’ काढलं तर आणखी काय मोडेल याची खात्री कुणी देईना. होमस्टेवाल्यांनी तोवर नंबर + शिवाय घ्यायला सुरुवात केली. कामचलाऊ, पण चाललं.

सगळ्यात मोठा बदल कुणी ठरवून केलेला नव्हता. पानावर ‘रत्नागिरी’ या एका शब्दाची ८१ अक्षरं होतात हे उदाहरणात दिसलं आणि लेबल बनवणाऱ्यानं हिशेब केला. गाव, तालुका आणि बागेचं नाव मिळून लिंक इतकी लांब जात होती की क्यूआरचा चौकोन बारीक ठिपक्यांनी गच्च भरायचा. पेटीवर, पेंढ्याजवळ, घामट हवेत ओलसर झालेल्या कागदावर तो स्कॅन होणं तसंही मुश्कील. पुढच्या हंगामाच्या लेबलांमध्ये मराठी मजकूर गेलाच नाही. प्रत्येक बागेला इंग्रजी अक्षरं आणि आकड्यांचा छोटा कोड मिळाला. मराठी नाव पानावर दिसतं, लिंकमध्ये नाही. एनकोडिंगचं डॉक्युमेंटेशन सुधारल्यामुळे एनकोडिंगचा वापरच कमी झाला. मला यात वावगं काही वाटत नाही, लीड सरांना मात्र याची गंमत वाटते.

वेगळं काय करता आलं असतं

नावं बदलण्याचं काम हंगामानंतर झालं, तेही अर्धं. ‘एनकोड_फुल’च्या जोडीला ‘अख्खी लिंक’ असं सुचवणारं नवं नाव आलं, जुनं अजून चालतं. पान कितीही चांगलं लिहिलं तरी एडिटरमध्ये दोन अक्षरं टाइप करून समोर आलेल्या यादीतून फंक्शन निवडणारा माणूस त्या पानापर्यंत येतच नाही. त्याला दिसतं ते नाव आणि फार तर पहिली ओळ. ती पहिली ओळ आधी बदलायला हवी होती. पानावर जितका वेळ गेला त्याच्या पासंगालाही पुरणार नाही इतक्या वेळात ते झालं असतं, आणि हंगामात नाव न बदलताही करता आलं असतं.

एनकोडिंग आणि डिकोडिंग यांची पानं वेगळी धरली गेली, तेही टाळता आलं असतं. दोनदा एनकोड आणि दोनदा डिकोड या एकाच अज्ञानाच्या दोन बाजू आहेत: हातातला मजकूर कुठल्या अवस्थेत आहे हे माहीत नसणं. आणि ताईंना पहिल्या दिवशी टेबलाशी बोलवायला हवं होतं. स्क्रीनशॉट त्यांच्याकडे सुरुवातीपासून होते. कुणी मागितले नाहीत.

एक गोष्ट अजून सुटलेली नाही. एका बागेचं नाव ‘पऱ्याची बाग’ आहे. त्यातला अर्धा र दोन प्रकारे टाइप होतो: ऱ आणि हलंत, किंवा साधा र, हलंत आणि त्यामागं न दिसणारा जोडक. कीबोर्ड बदलला की प्रकार बदलतो. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, लिंका मात्र वेगळ्या बनतात. एकीत %बी१ येतं, दुसरीत %बी० आणि शेवटी %ई२%८०%८डी हे शेपूट. युनिकोडच्या नेहमीच्या नॉर्मलायझेशननं, म्हणजे एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एकसारखी करण्याच्या पद्धतीनं, हे दोन एक होत नाहीत. जावावालीचं म्हणणं, एनकोड करण्याआधी लायब्ररीनंच दुसऱ्याचं पहिल्यात रूपांतर करावं. लीड सरांचं म्हणणं, एनकोडिंगच्या फंक्शननं मजकूर बदलायचा नसतो, आकड्यांचा नियम ठेवला तीच एक सवलत झाली. सध्या एवढंच ठरलंय की रूपांतर नोंदणीच्या फॉर्ममध्ये, बागेचं नाव पहिल्यांदा साठवतानाच होईल, आणि डॉक्युमेंटेशनमध्ये नमुना मजकुरातल्या ‘बाग’च्या जागी ‘पऱ्या’ येईल.